‘इंडियन’ रक्तगट आणि सीडी४४ : एका ग्राही-प्रथिनाच्या नामकरणाचा इतिहास

१. प्रास्ताविक

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव या गावाचे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला एक लहानसा पण उपयुक्त धडा देते. वडाच्या झाडावरून पडलेली वडगावे महाराष्ट्रात अनेक आहेत. इ. स. १७७९ चा प्रसिद्ध ‘वडगावचा तह’ मावळातील वडगावी झाला. वारणेच्या खोऱ्यातील या वडगावाशी त्याचा संबंध नाही. एका नावाची अनेक गावे असल्यामुळे ‘पेठ’ हे पद जोडून या बाजारपेठेच्या गावाची वेगळी ओळख करून द्यावी लागली. उलट पक्षी, हेच गाव जनगणनेच्या कागदांत ‘वडगाव कसबा’ म्हणून नोंदलेले आढळते. म्हणजे एकीकडे एका नावाची अनेक स्थळे, तर दुसरीकडे एकाच स्थळाची अनेक नावे. दप्तरे चाळणाऱ्यास या दोन्ही अडचणींतून वाट काढावी लागते. आणि नावांचा मेळ बसेपर्यंत माहितीचाही मेळ बसत नाही.

आधुनिक जीवशास्त्रात पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही-प्रथिनांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. प्रस्तुत निबंधात त्यांपैकी एका प्रथिनाच्या नामकरणाचा इतिहास मांडावयाचा आहे. हे प्रथिन आज ‘सीडी४४’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या इतिहासाचा एक आरंभबिंदू मुंबईत आहे, आणि त्याच्या नावांच्या गुंत्याचा परिणाम कोल्हापूरसारख्या जिल्ह्यातील रुग्णाला योग्य रक्त मिळण्या-न मिळण्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून हा विषय केवळ शब्दांचा नाही.

२. ‘ग्राही’ ही कल्पना

पेशीच्या अंगी बाहेरील विशिष्ट द्रव्य पकडण्याची सोय असते, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आली. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १९०० च्या सुमारास विषद्रव्यांच्या अभ्यासातून ‘रिसेप्टर’ हा शब्द रूढ केला. केंब्रिजचे जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १९०५ मध्ये स्नायूंवर होणाऱ्या निकोटिन व क्युरारे यांच्या क्रियेवरून ‘ग्रहणशील द्रव्य’ अशी संज्ञा सुचविली. दोघांनीही ते द्रव्य पाहिले नव्हते. परिणामावरून कारणाचे अनुमान करून त्यास नाव देण्यात आले होते.

ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. ग्राहीचे नाव बहुधा ग्राही हाती येण्यापूर्वी पडते, आणि ते पडते ते ज्या प्रयोगातून त्याचा सुगावा लागला त्या प्रयोगावरून. औषधशास्त्रज्ञास ते औषधाच्या क्रियेतून दिसते, रक्तगटांच्या अभ्यासकास प्रतिपिंडाशी होणाऱ्या गुठळीतून दिसते, तर कर्करोगाच्या अभ्यासकास पेशींच्या स्थलांतरातून दिसते. प्रत्येकजण आपल्या दारातून आत येतो आणि त्या दारावर आपली पाटी लावतो. सर्व दारे एकाच दालनात उघडतात हे कळावयास काही दशके जावी लागतात.

३. मुंबईतील आरंभ

रक्तगटांच्या जागतिक इतिहासात मुंबईचे स्थान १९५२ मध्ये निश्चित झाले. त्या वर्षी वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एबीओ पद्धतीशी संबंधित अशा एका नव्या रक्तवैशिष्ट्याची नोंद प्रसिद्ध केली. हाच पुढे ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून जगभर परिचित झाला. शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, तरी रक्तगटाचे नाव बदलले नाही. शास्त्रातील नाव एकदा वाङ्मयात रुजले की त्याच्या मूळ आधारातील बदल त्यास लागू होत नाही, याचे हे एक सहज उदाहरण होय.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईत १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या परिसरात वाढलेल्या या केंद्रातून आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था उभी राहिली. दुर्मिळ प्रतिपिंडांचे नमुने तपासणे हे या केंद्राचे नित्याचे काम. या कामातूनच एस. एस. बडाकेरे, एस. आर. जोशी, एच. एम. भाटिया व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये भारतीय लोकसमूहात आढळलेल्या एका नव्या प्रतिजनाचा प्राथमिक वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याला ‘इंडियन’ या शब्दाच्या आद्याक्षरांवरून ‘इन-ए’ असे नाव देण्यात आले. भारतीयांत सुमारे ४ टक्के लोकांच्या तांबड्या पेशींवर तो सापडतो.

यानंतर दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, इंग्लंडमधील कॅरोलिन जाइल्स यांनी एक दुवा जोडला. ‘सालिस’ या नावाने ओळखले जाणारे एक प्रतिपिंड त्यापूर्वीच उपलब्ध होते; जवळजवळ सर्व माणसांच्या रक्ताशी त्याची प्रतिक्रिया होत असे. ते ज्या प्रतिजनास ओळखते तो इन-ए याचाच प्रतियोगी आहे, असे जाइल्स यांनी दाखविले. एकाच जनुकस्थानावरील दोन पर्यायांपैकी एक विरळ व दुसरा सार्वत्रिक, असा हा संबंध होता. सार्वत्रिक प्रतिजनास ‘इन-बी’ म्हटले गेले आणि ‘सालिस’ हे नाव मागे पडले. नामकरणाच्या दृष्टीने हा पहिला लाभ होय : दोन सुटी नावे एका जोडीत बसली आणि त्या जोडीने वस्तुस्थितीतील संबंध उघड केला.

४. ‘इंडियन’ या नावाची मर्यादा

तथापि या नावात एक दोषही होता, आणि तो मुंबईच्याच संशोधकांनी पुढील पाहणीतून उघडकीस आणला. १९८० मध्ये बडाकेरे व त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी इराणी व अरब लोकांतील इन-ए याचे प्रमाण प्रसिद्ध केले. इराण्यांत ते १०·६ टक्के व अरबांत ११·८ टक्के भरले. अर्थात ज्या प्रतिजनास ‘इंडियन’ म्हटले तो भारतीयांपेक्षा पश्चिमेकडील लोकांत अडीचपटीहून अधिक आढळतो.

यावरून ‘नाव चुकले’ असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य होणार नाही. ‘इंडियन’ हे नाव प्रतिजनाच्या प्रसाराचे वर्णन म्हणून वाचले तर ते दिशाभूल करते; शोधाच्या स्थळाची नोंद म्हणून वाचले तर ते यथार्थ आहे. रक्तगटांची नावे प्रायः दुसऱ्या प्रकारची असतात. डफी, किड, केल ही नावे ज्यांच्या रक्तात प्रतिपिंड प्रथम आढळले त्यांची आहेत. ‘लुथेरन’ हे नाव तर रक्तदात्याचे आडनाव चुकीचे वाचले गेल्यामुळे पडले असे सांगतात. नाव ही शोधाची खूण असते, व्याख्या नव्हे. विद्यार्थ्याने हा भेद ध्यानी ठेवला नाही तर तो नावातूनच माहिती काढू पाहतो, आणि तेथे फसतो.

५. अन्य दारांवरील पाट्या

मुंबई व लंडन येथे रक्तगटाच्या अंगाने हे काम चालू असता, अन्य प्रयोगशाळांत अगदी वेगळ्या हेतूंनी तेच प्रथिन निरनिराळ्या नावांनी वावरत होते. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशापासून एकसारखी प्रतिपिंडे मिळविण्याची रीत शोधली. त्यामुळे पेशीपृष्ठावरील प्रथिनांचा शोध सुलभ झाला आणि त्याबरोबर नावांचा पूरही आला.

उंदरांच्या पेशींवर काम करणाऱ्यांनी या प्रथिनास ‘पीजीपी-१’, म्हणजे भक्षकपेशींचे शर्करायुक्त प्रथिन, असे म्हटले. अमेरिकेत टेलेन, आयझेनबार्थ व हेन्स यांनी १९८३ मध्ये तांबड्या पेशींवरील एका प्रतिजनाचे वर्णन केले. त्याच्या ८० हजार रेणुभारावरून तो पुढे ‘पी८०’ झाला. स्टॅनफर्ड येथे जाल्कानेन, बुचर व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये लसीकापेशी रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटून आपल्या ठिकाणी कशा परततात याचा अभ्यास करताना जे प्रथिन ओळखले, त्यास ग्रीक देवदूताच्या नावावरून ‘हर्मीस’ प्रतिजन म्हणण्यात आले. कार्टर व वेनर यांनी १९८८ मध्ये पेशीबाह्य जाळीस बांधणारा तिसरा ग्राही या अर्थी त्यास क्रमांकयुक्त नाव दिले.

या नावांचे वर्गीकरण केले तर प्रत्येकाच्या मागील दृष्टी स्पष्ट होते. ‘पीजीपी-१’ पेशीचा प्रकार सांगते, ‘पी८०’ भार सांगते, ‘हर्मीस’ कार्य सुचविते, आणि ‘इंडियन’ स्थळ सांगते. यांतील एकही नाव वस्तूचे पूर्ण वर्णन करीत नाही, आणि काही नावे तर पुढे खोटी ठरली. सर्वांत लहान रूपातील मानवी प्रथिन ३६१ ॲमिनो अम्लांचे आहे. केवळ त्या हिशेबाने त्याचा भार ४० हजारांच्या आत भरतो. उरलेला भार त्यास जडलेल्या शर्करासाखळ्यांचा असतो. काही पेशींत तो २०० हजारांच्याही वर जातो. तेव्हा ‘८०’ हा आकडा प्रथिनाचा गुण नसून एका विशिष्ट पेशीतील त्याच्या एका अवस्थेचा गुण होता. ‘पीजीपी’ या अक्षरांची तर औषधे पेशीबाहेर फेकणाऱ्या सर्वस्वी भिन्न अशा दुसऱ्या प्रथिनाशी गल्लत होऊ लागली.

६. नावांचे एकीकरण

या अव्यवस्थेवर उपाय म्हणून १९८२ मध्ये पॅरिस येथे श्वेतपेशींच्या प्रतिजनांविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. तिने अवलंबिलेली रीत विचारार्ह आहे. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी आपापली प्रतिपिंडे सांकेतिक क्रमांकांनी पाठवावयाची. ती सर्व अनेक प्रकारच्या पेशींवर एकाच वेळी तपासावयाची. आणि ज्यांची वागणूक सारखी त्यांचा एक गट मानून त्या गटास ‘सीडी’ या अक्षरांपुढे क्रमांक द्यावयाचा. क्रमांकास अर्थ नाही, हाच त्याचा गुण. तो कोणत्याही संशोधकाचा, पेशीचा वा कार्याचा पक्ष घेत नाही. ऑक्सफर्ड येथे १९८६ मध्ये भरलेल्या तिसऱ्या कार्यशाळेत प्रस्तुत गटास ४४ हा क्रमांक मिळाला. आरंभी त्यापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर जोडून तो कच्चा असल्याचे दर्शविले जाई. खात्री झाल्यावर ते काढून टाकण्यात आले.

मुंबईत लावलेली पाटी या दालनाशी जोडली गेली ती १९८८ मध्ये. स्प्रिंग, डॅल्शाऊ, डॅनिएल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी इन-ए व इन-बी हे दोन्ही प्रतिजन ८० हजार भाराच्या सीडी४४ प्रथिनावरच असल्याचे सिद्ध केले. पुढील वर्षी, १९८९ मध्ये, या प्रथिनाचा जनुकीय क्रम दोन गटांनी स्वतंत्रपणे वाचला. १९९० मध्ये आरुफो व सहकाऱ्यांनी हायलुरोनन या द्रव्याचा पेशीपृष्ठावरील प्रमुख ग्राही सीडी४४ हाच असल्याचे दाखविले. हायलुरोनन हे दीर्घ शर्करासाखळीचे द्रव्य कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये बैलाच्या डोळ्यातील काचद्रवातून वेगळे केले होते. अशा रीतीने ग्राही सापडण्यापूर्वी छप्पन्न वर्षे त्याने पकडावयाचे द्रव्य माहीत होते.

मुंबईच्या प्रतिजनाचा रेणवीय उलगडा १९९६ मध्ये टेलेन व सहकाऱ्यांनी केला. प्रथिनाच्या ४६ व्या स्थानी आर्जिनीन असेल तर इन-बी, आणि तेथे प्रोलीन आले तर इन-ए. हे स्थान हायलुरोनन पकडणाऱ्या भागातील असूनही या बदलाने ती पकड सुटत नाही, असे त्यांना आढळले. इन-ए धारण करणारी माणसे निरोगी का असतात, याचे उत्तर यात मिळते. येथेही नोंदीचा एक प्रश्न उद्भवला. त्यांच्या निबंधात हा बदल २५२ व्या घटकावर सांगितला आहे. आजच्या कोष्टकांत तो १३७ वर दिलेला असतो. बदल एकच. पहिली गणना जनुकीय प्रतीच्या आरंभापासून केलेली आहे, दुसरी प्रथिनाचा पाठ जेथे सुरू होतो तेथून. ४६ गुणिले ३ म्हणजे १३८ हे ध्यानी घेतले की दुसऱ्या गणनेचा ४६ व्या स्थानाशी मेळ तत्काळ बसतो. मैलाचा दगड वेशीपासून मोजला की चावडीपासून, हे सांगितल्याखेरीज अंतराच्या आकड्यास अर्थ नाही.

७. एकाच अक्षरयुग्माचे दोन अर्थ

नावांचे एकीकरण झाले तरी एक जुनी गल्लत शिल्लक राहिली. १९७३ मध्येच, म्हणजे मुंबईचा वृत्तांत प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, लुथेरन प्रतिजन दडपणाऱ्या एका आनुवंशिक कारकास ‘इन(लु)’ असे नाव पडले. येथील ‘इन’ म्हणजे ‘इनहिबिटर’, दमनकारी. त्याचा इंडियाशी संबंध नाही. पण दैवयोग असा की, या कारकाने लुथेरनबरोबर सीडी४४ चे, अर्थात इन-ए व इन-बी यांचेही प्रमाण तांबड्या पेशींवर घटते. १९८३ मधील ‘पी८०’चे वर्णन याच परिणामातून झाले होते. त्यामुळे ‘इन’ कारकाने ‘इन’ प्रतिजन घटतो असे विधान निबंधांत येऊ लागले, आणि नवख्या वाचकास दोहोंत नात्याचा भास होऊ लागला. २००८ मध्ये हा परिणाम केएलएफ१ या नियामक जनुकातील बिघाडामुळे होतो असे सिंगलटन व सहकाऱ्यांनी दाखविले, तेव्हा या दोन ‘इन’मधील संबंध नावाचा नसून नियमनाचा आहे हे निर्विवाद झाले.

८. कुल, शाखा व रूपे

सीडी४४ हे एकटे प्रथिन नाही. हायलुरोनन पकडणारा सुमारे शंभर ॲमिनो अम्लांचा एक घडीव भाग त्यात असतो. तोच भाग लसीकावाहिन्यांवरील ‘लाइव्ह-१’ या १९९९ मध्ये वर्णिलेल्या ग्राहीत, तसेच दाहाच्या वेळी स्रवणाऱ्या ‘टीएसजी-६’ या प्रथिनात आढळतो. या भागावरून ही प्रथिने एका कुलात बसविली जातात. उलट ‘ऱ्हॅम’ हे प्रथिन हायलुरोननास बांधते, पण त्यात तो भाग नाही. म्हणून ‘हायलुरोनन-ग्राही’ हे कार्यावरून केलेले कुल आणि रचनेवरून केलेले कुल यांच्या सीमा जुळत नाहीत. एका कुलनामाने दोन्ही प्रकारचे नाते सांगण्याचा मोह टाळणे श्रेयस्कर.

शिवाय एकाच सीडी४४ जनुकापासून अनेक रूपे तयार होतात. जनुकाच्या मध्यभागी असलेले दहा ऐच्छिक खंड कमी-अधिक प्रमाणात जोडले जातात. त्यांना ‘व्ही१’ ते ‘व्ही१०’ असे क्रमांक आहेत, आणि मानवात पहिला खंड वापरात येत नाही. एकही ऐच्छिक खंड नसलेले रूप ‘प्रमाण रूप’ मानतात. १९९१ मध्ये ग्युंथर्ट व सहकाऱ्यांनी उंदराच्या कर्कपेशींत एका विशिष्ट रूपामुळे अर्बुद शरीरात अन्यत्र पसरते असे दाखविल्यापासून या रूपांना मोठे महत्त्व आले. २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगातील मूलपेशींची खूण म्हणून सीडी४४ चा निर्देश झाला. अशा वाङ्मयात केवळ ‘सीडी४४ आढळले’ असे विधान अपुरे असते; कोणत्या प्रतिपिंडाने, कोणते रूप, हे सांगितले नाही तर दोन प्रयोगांची तुलनाच होऊ शकत नाही.

९. आकड्यांची मांडणी आणि रुग्णाचे हित

नावाइतकीच माहितीची मांडणी महत्त्वाची, हे दाखविणारे उदाहरण इंडियन गटातच मिळते. आंतरराष्ट्रीय रक्ताधान संस्थेने १९८० पासून रक्तगटांच्या परिभाषेसाठी कार्यगट नेमला. त्याच्या पद्धतीत इंडियन गट हा २३ वा; इन-ए ‘०२३००१’ व इन-बी ‘०२३००२’. पुढे आणखी चार प्रतिजन ओळखले जाऊन या गटाची संख्या सहा झाली. नावे व क्रमांक यांबाबत आता संदेह नाही. पण प्रमाणांविषयी आहे.

काही संदर्भकोष्टकांत भारतीयांत इन-ए ४ टक्के व इन-बी ९६ टक्के असे आकडे शेजारी छापलेले असतात. त्यांची बेरीज शंभर भरते, म्हणून ते वाचकाला पटतात. वस्तुतः ते दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. प्रत्येक माणसास या जनुकाच्या दोन प्रती असतात. चार टक्के लोकांत इन-ए असेल, तर त्या पर्यायाचे प्रमाण सुमारे शेकडा २ येते. त्यातील बहुतेकांत दुसरी प्रत इन-बीची असते, आणि इन-बी मुळीच नसणारे शेकडा २ चा वर्ग, म्हणजे सुमारे अडीच हजारांत एक इतकेच उरतात. याउलट, चार टक्के लोकांत इन-बी नसेल, तर इन-ए पर्यायाचे प्रमाण शेकडा २० येऊन इन-ए ३६ टक्के लोकांत दिसावयास हवा. तसा तो दिसत नाही. अर्थात ९६ हा आकडा निरीक्षणापेक्षा वजाबाकीचा दिसतो.

हा भेद शंभरपटीचा आहे, आणि तो कागदावर राहत नाही. इन-बी नसलेल्या व्यक्तीस गरोदरपणामुळे किंवा पूर्वी दिलेल्या रक्तामुळे इन-बीविरोधी प्रतिपिंड निर्माण होऊ शकते. अशा प्रतिपिंडामुळे रक्त देताच तांबड्या पेशी फुटल्याचे उदाहरण एस. आर. जोशी यांनी १९९२ मध्ये नोंदविले आहे. पेठ वडगाव वा हातकणंगल्याकडील अशा रुग्णासाठी रक्त शोधणाराने ९६ टक्क्यांवर विश्वास ठेवला तर शंभर दात्यांत चार जुळतील अशी आशा तो धरील. प्रत्यक्षात त्यास अडीच हजारांत एक शोधावा लागेल.

दक्षिण महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आहे, हीही गोष्ट हिशेबात घेतली पाहिजे. अशा विवाहाच्या संततीत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचा संभव सोळांत एक असतो. वरील प्रमाण धरून गणित केले तर इन-बी नसण्याचा संभव अडीच हजारांत एकावरून सुमारे सहाशे पंधरांत एक इतका वाढतो. दाता शोधावयाचा तर प्रथम भावंडांत शोधावा, हा रक्तपेढ्यांचा व्यवहारनियम येथे सार्थ ठरतो : आईबापांकडे दोन्ही पर्यायांची एकेक प्रत असेल तर प्रत्येक भावंड जुळण्याचा संभव चारांत एक असतो.

१०. मराठी परिभाषा व समारोप

मराठीत या प्रथिनांसाठी ‘ग्राही’ व ‘ग्राहक’ असे दोन्ही शब्द वापरलेले आढळतात. ‘ग्राहक’ या शब्दाने पेठेतील गिऱ्हाइकाचा बोध होतो, आणि गिऱ्हाईक मोल देऊन वस्तू नेते. पेशीवरील प्रथिन वस्तू नेत नाही. ते तिला पकडते व आत वर्दी देते. यास्तव ‘ग्राही’ हा शब्द अधिक निर्दोष. पण विशिष्ट प्रथिनांच्या नावांचे भाषांतर करू नये. ‘हर्मीस’, ‘सालिस’, ‘इंडियन’ ही विशेषनामे आहेत. ‘भारतीय रक्तगट’ असे म्हटल्याबरोबर सर्व भारतीयांचा तो गट असा अनर्थ उत्पन्न होतो.

सीडी४४ च्या इतिहासातून नामकरणाची तीन कामे वेगळी काढता येतात. शोधाचे श्रेय व स्थळ जपणे हे पहिले. ते ‘इंडियन’ हे नाव करते. वस्तूची निःसंदिग्ध ओळख पटविणे हे दुसरे. ते ‘४४’ व ‘२३’ हे अर्थहीन क्रमांक करतात. वस्तूचे गुण सांगणे हे तिसरे. आणि ते कोणत्याही नावाचे काम नव्हे. त्यासाठी गणनेचा आरंभ, प्रतिपिंड, रूप आणि लोकसमूह यांचा स्पष्ट उल्लेख करणारी नोंद लागते. पहिल्या दोहोंकडून तिसऱ्या कामाची अपेक्षा केली गेली तेथे तेथे चूक घडली. १९७३ साली मुंबईत ठेवलेले नाव आजही टिकून आहे. त्याच्या पुढील रकान्यातले आकडे मात्र प्रत्येक पिढीच्या अभ्यासकाने पुन्हा पडताळून घेतले पाहिजेत.